खांबावरचं नाव

इंदू गेली, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, कुसुमनं सांगितलं. मी कर्जतच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, जेवणाचा डबा हातात तसाच. कुसुम आतून आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, मावशी गेली." एवढंच. ती रडली नाही, मीही नाही... दोघं समोरच्या रसवंतीकडं बघत राहिलो. कुसुम म्हणजे आमच्या गावच्या मुलींच्या खो-खो संघातली एके काळची सगळ्यांत चपळ पोरगी, आता दोन लेकरांची आई. आम्हाला पोटचं मूल झालं नाही. पण इंदूच्या उशाशी पाळी लावून बसायला कुणी नेरळहून आली, कुणी खोपोलीहून आली. सगळ्या तिनं मैदानात पळवलेल्या. नर्स वैतागली, "एका पेशंटला मुली तरी किती?" तर इंदू त्या अवस्थेत म्हणाली, "नऊ खेळतात, बाकीच्या राखीव."

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. आणि पेपरात मेलेल्या माणसाबद्दल 'मनमिळाऊ, प्रेमळ' असं लिहितात, ते मला जमणार नाही. इंदू मनमिळाऊ नव्हती. भांडखोर होती. तिचं भांडण बहुतेक वेळा बरोबर असायचं, म्हणून माणसांना जास्त राग यायचा. खालापूरकडच्या गावातून लग्न होऊन भिवपुरीजवळ आमच्या घरी आली, तेव्हा सासरी काय आणावं याची तिला अक्कल नव्हती, पण शाळेत खो-खो खेळलेले पाय घेऊन आली. भात कापून शेत मोकळं झालं की तिथंच दोन खांब रोवायची आणि गावच्या पोरी गोळा करायची. आमची आई कपाळाला हात लावायची. "लगीन झाल्याली बाय लुगडं खोचून पळती, लोकं काय म्हनतील गं?" इंदू म्हणायची, "काय नाय म्हनत. बगाया येतील." आणि आले की! बांधावर रांगा लागायच्या.

बघायला सगळे, द्यायला कुणी नाही. गावात बाप्यांच्या कबड्डीला वर्गणी निघायची, क्रिकेटची बॅट तर कुणीही घेऊन द्यायचा. पोरी मात्र शाळेच्या फ्रॉकवर, अनवाणी. पुढं जिल्ह्यात जिंकायला लागल्या, पण राज्याच्या सामन्याला न्यायचं म्हणजे गाडी हवी, बूट हवेत, एकसारखे कपडे हवेत. दोन वर्षं नाव येऊनही जाता आलं नाही. कुसुमच्या बापानं तेव्हाच सांगून टाकलं, "यंदा नाय गेली तर पोरीचा खेळ बंद. उगाच पळवून काय करायचाय?" बाकीच्या घरांतूनही तोच सूर. म्हणजे ते वर्ष गेलं असतं तर संघच संपला असता.

शेवटी शिळफाट्याला पाण्याचे पंप विकणारा एक शेठ तयार झाला. पण त्याची अट. "टीव्हीवर माझ्या दुकानाचं नाव दिसलं पाहिजे." टीव्ही तेव्हा आमच्याकडं ग्रामपंचायतीत एकच, तोही गावानं हात जोडून बघायचा. इंदूनं पदर खोचला आणि मुंबईला टीव्हीच्या हापिसात जाऊन बसली. आज हाकलली की पुढच्या आठवड्यात परत. तिथल्या साहेबाला म्हणाली, "तुमी क्रिकेट पाच दिस दावता. आमचा डाव तुमची जायरात लागायच्या आत संपतो. काय बिगडलं तुमचं?" साहेब हसला आणि तिथंच फसला. गावातल्या आमच्या सामन्याला कॅमेरा पाठवतो, असं कबूल करून बसला.

सामन्याच्या दिवशी गावानं जे केलं ते आमचंच गाव करू जाणे. टीव्ही येणार म्हणून मैदान शेणानं सारवलं, तोरणं लावली. शेठनं आपल्या नावाचं पिवळं कापड दोन तुकडे करून आणलेलं. त्यानं ते दोन्ही खांबांना वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकलं. कारण कॅमेरा खांबाकडंच जास्त फिरणार, हे त्यानं कुणाकडून तरी काढलं होतं. आणि आमच्या सरपंच तात्यांनी त्या कापडावरूनच खांबांना हळदीकुंकू वाहिलं, हार घातले, नारळ फोडले. इंदू तेव्हा पोरींच्या वेण्या घट्ट बांधत शाळेत. तिला काय पत्ता?

डाव सुरू झाला. कुसुम खांबाकडं धावली, एका हातानं खांब धरून झेप घ्यायला गेली... आणि हात कापडावरून सटकला. तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. इंदू मैदानात घुसली, पंचांना हातानंच 'थांबा' म्हणाली आणि खांबावरचं कापड टराटरा ओढायला लागली.

शेठ ओरडत आला, "अहो बाई, माझं नाव हाय त्याच्यावर!"

"तुमचं नाव ऱ्हाईल आनि माज्या पोरींचे दात जातील!"

तात्याही मधे पडले. "सूनबाई, पूजा झालीया त्याची. आता हात नाय लावायचा."

"पूजा खांबाची झाली, तात्या. पंपाची नाय झाली."

बांधावरचे सगळे हसले, मी मात्र शेठकडं बघत होतो. शेठ तोंड फिरवून गेला तर गाडी गेली, बूट गेले, सगळं गेलं. इंदूला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं एक कापड घेतलं, एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा वो." आणि दुसरं टोक सरळ शेठच्या हातात. "तुमचं नाव ना? मग तुमीच धरा. कॅमेरा जिकडं, तिकडं तुमी."

पांढऱ्या सफारीतला तो शेठ आणि मी, अख्खा सामना कापड ताणून कॅमेऱ्यासमोर खेकड्यासारखे आडवे पळत होतो. पहिल्यांदा तो चिडलेला होता. मग कुसुम हनुवटीला चिंधी बांधून परत उतरली, उघड्या खांबाला धरून तिनं असा सूर मारला की समोरची पोरगी वळायच्या आत बाद... आणि शेठनं हातातलं टोक सोडून दिलं, दोन्ही हात वर करून ओरडला, "अशी झेप पाहिजे गं पोरी!"

टीव्हीवर नेमकं तेच दाखवलं. पापणी लवायच्या आत संपलं. कुसुमची झेप, आणि मागं बोंबलणारा शेठ. नाव कुठंच नाही, कापड जमिनीवर. पंचायतीतून एकेक जण उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी इंदू स्वतःच शेठच्या दुकानी गेली. म्हणाली, "नाव नाय दिसलं. तुमी नाय म्हनलात तरी चालंल." शेठ म्हणाला, "नाव नाय दिसलं, पण सकाळधरनं गिऱ्हाईक मलाच बगायला येतंय. गाडी कधी पायजे ते बोला."

पोरी राज्याला गेल्या. दुसऱ्याच फेरीत हरल्या, ते पण सांगतो. पण घरी परत आल्यावर एकीच्याही बापानं खेळ बंद केला नाही. टीव्हीवाले परत फिरकले नाहीत. शेठही चार वर्षांनी क्रिकेटकडं वळला. इंदू म्हणाली, "जाऊ दे, चार वर्सं पळाल्या ना?" आणि दुसरा गाठला. त्यालाही पहिल्याच दिवशी सांगितलं, पोरींच्या पाठीवर नाव घाला, खांबाला हात लावायचा नाही.

तिच्या तेराव्याला तात्या घरी आले. आता फार थकलेत. म्हणाले, गावाचा विचार आहे, दोन्ही खांबांवर सूनबाईचं नाव रंगवू, आठवण राहील. मी म्हटलं, "तात्या, रंगावरनं हात सटकतो. तिचं पण नाव नको." ते मान डोलावून उठले.

खांब आमच्या पडवीत आडवे असतात. संध्याकाळी पोरी न्यायला येतात, पण लगेच उचलत नाहीत, उभ्या राहतात. इंदू रोज खांबावरून तळवा फिरवायची, लाकडाची कूस बिस उभी राहून पोरींच्या हातात घुसेल का बघायला, आणि मगच न्या म्हणायची. आता मी फिरवतो. माझा हात राठ, मला एवढं कळत नाही, म्हणून दोनदा फिरवतो. परवा एक बारीक कूस लागली. काचेनं खरवडून काढली, परत हात फिरवला.

"काका, झालं का?"

"झालं. न्या."

उचलून पळाल्या.