पिन बसते, चित्र येत नाही

तळा गावात माझं टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणालाच न लागणाऱ्या केबली इथे साठतात, तसेच किस्सेही. केबली निदान भंगारवाला नेतो! किस्से कोण नेणार? म्हणून तुमच्या गळ्यात मारतो.

*

एक मास्तर शाळेचा मॉनिटर घेऊन आले. "सगळं पिवळं दिसतंय." जुनी व्हीजीए केबल, पंधरा बारीक पिना. त्यातल्या तीन वाकल्या, तर मास्तरांनी त्या पकडीने उपटूनच टाकल्या होत्या! मी कपाळाला हात लावला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "अरे, बारा आहेत की अजून!"

*

फातिमाचाची आमच्या गल्लीतल्या. मुलगा सलीम कुवेतला, बरीच वर्षं घरी आलेला नाही. व्हिडिओ कॉल रोज होतो, पण फोन एवढासा आणि चाचींची नजर अधू. "एकदा माझ्या पोराचं तोंड टीवीवर मोठं बघू दे रे बेटा. बाकी काय नको."

मी केबल लावली. पिन बसली, चित्र नाही. त्यांच्या फोनच्या त्या टाइप-सी पोर्टमधून नुसतं चार्जिंग होतं, चित्र बाहेर येतच नाही! दुसऱ्या फोनला अगदी तसंच पोर्ट असतं आणि त्यातून येतं. हे त्या बाईला कसं समजावायचं? मलाच रडू यायचं बाकी होतं.

"मंग सलीमला सांगते, दुसरा पाठव," चाची म्हणाल्या.

*

दिवेआगरचे नाना घरगुती राहण्याची सोय चालवतात. खाऱ्या वाऱ्याने कुलपं गंजतात, म्हणून ते पावसाआधी कुलपांत खोबरेल सोडतात. यंदा टीव्हींना केबल लावायच्या एचडीएमआय खाचांतही सोडलं. सगळ्या खोल्यांत! आतून मुंग्यांची रांग निघाली. मी ओरडलो, तर नानाच दुखावले.

"आपल्या वाडीतल्या नारळाचं हाय ते, बाजारातलं न्हाय!"

*

एका सुतारकाकांकडे डिस्प्लेपोर्टची केबल होती आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय. आता दोन्ही तोंडं दिसायला सख्खी भावंडं, पण एकमेकांत जात नाहीत. काकांनी कानस काढली, घासघास घासली आणि पिन ठोकून बसवली. टीव्ही माझ्या टेबलावर ठेवला.

"बसवायचं काम मी केलंय. आता चित्र तेवढं तुम्ही आणा!"

त्या दिवशी मी दुपारीच शटर ओढलं. नको हा धंदा, असं अगदी मनापासून वाटलं.

*

सलीमने फोन पाठवला. चित्र देणारा! ईदच्या सकाळी मी चाचींकडे जाऊन केबल जोडली, रिमोटवर एचडीएमआय निवडलं आणि आला की सलीम! अख्खा टीव्हीभर. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, मागे एकावर एक चढवलेल्या खाटा.

"एकदम मजेत हाय, अम्मी!" तो हसत म्हणाला.

चाचींनी दुआ दिली, शिरखुर्मा मिळाला का विचारलं, हसल्यासुद्धा. कॉल संपला. मग त्यांनी स्वतःच उठून केबल काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"ही तू घेऊन जा, बेटा. फोनात तो मजेत दिसतो."