दोनशे वॅटचा हीटर

सेतुराव गेल्याचं मला चेन्नईबाहेर, ओरगडमच्या कारखान्यात कळलं. दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. फोनवर त्यांच्या पत्नी, वत्सलाक्का, एवढंच म्हणाल्या, "कुलकर्णी, हे गेले. हॉलमध्येच. तुम्ही या." अग्निनक्षत्राचे दिवस, चेन्नईच्या उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे. नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी पोचलो तर हॉल भट्टीसारखा तापलेला आणि भिंतीवरचा एसी बंद. तीन वर्षं तो बंदच होता. का, ते त्या घराला वाटत होतं एक, आणि मला माहीत होतं दुसरं... सहा आठवडे झाले. आता लिहितो.

साताऱ्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो. घराणं तंजावरकडचं, मराठी. माझ्या कानांना ती मराठी सुरुवातीला परकी वाटे, तर सेतुराव हसायचे. "तीनशे वर्षं सांबारात भिजलीय हो, तुम्हाला आंबट लागणारच!" जॉर्ज टाउनमधला कागदाचा ठोक धंदा पुतण्याकडे सोपवून ते घरी बसले, आणि बसल्या जागी त्यांना माशांचं वेड लागलं. मूलबाळ नव्हतं. हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी आली. पाणी पाचशे लिटर. त्यात डिस्कस, ताटलीसारखे गोल, चपटे, निळ्या रेघांचे मासे. त्यांना पाणी कोमट लागतं, एकोणतीस-तीस अंशांचं. माणसाच्या अंगापेक्षा थोडंसंच गार, असं सेतुराव सांगायचे.

मासेवाल्यानं त्यांना तीनशे-तीनशे वॅटचे दोन हीटर सांगितले होते. ती चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे आले. मी खदखदून हसलो. "सेतुराव, चेन्नईत हीटर? तो तुम्हाला उद्या कांबळंही विकेल." मग इंजिनीअर म्हणून ऐटीत कागद ओढला. हवा सव्वीस अंश धरली, पाणी तीस हवं, म्हणजे चढवायचे अंश चारच. पाचशे लिटरला दोनशे वॅटचा एक पुरे, उलट थोडा जास्तच होईल, असं ठणकावून सांगितलं. "सरि, सरि," ते मान डोलावत म्हणाले, "घरचा इंजिनीअर असता मासेवाल्याचं कशाला ऐकू?"

हा हिशेब मी त्याच हॉलमध्ये बसून केला. एसी वीसवर होता आणि माझ्या गळ्याला रुमाल गुंडाळलेला होता. अक्कांचं गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या अंगाची एकाएकी आग आग होई, म्हणून एसी दिवसभर चाले. मी थंडीनं आखडून बसलो होतो आणि लिहीत होतो सव्वीस. चेन्नई म्हणजे उकाडा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं! वीस धरले असते तर चढवायचे अंश दहा होतात. मासेवाला बरोबर होता.

महिन्याभरात मासे काळवंडले, कोपऱ्यात तोंड खुपसून राहू लागले. सेतुरावांनी थर्मामीटर पाहिला. पंचवीसच्या आत. ते अक्कांना म्हणाले, "थोडे दिवस एसी सव्वीसवर ठेव की." अक्कांनी चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी अंगाची लाही सोसेना, सेतुराव बाहेर गेलेले पाहून त्यांनी पुन्हा वीस केला. मग रोजच करू लागल्या. हीटरचा लाल दिवा कधी विझतच नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पाणी पुरेसं तापलं की तो विझायला हवा. तो रात्रंदिवस जळत होता, म्हणजे बिचाऱ्याची ताकदच पुरत नव्हती. त्या क्षणी मला सगळं कळलं. दुकानात जाऊन दुसरा हीटर आणायला अर्धा तास लागला असता. पण आणायचा तर चूक कबूल करावी लागणार होती. बघू, म्हटलं... चार दिवसांनी शेवटचा मासा आडवा तरंगला. मी कॉफी घेत तिथेच होतो. सेतुरावांनी रिमोट उचलून पाहिला, त्यावर वीस होते, आणि अक्कांकडे न बघता म्हणाले, "तुला तुझा जीव तेवढा दिसला. तूच मारलेस." मी कपात पाहत राहिलो.

अक्कांनी त्या दिवशी एसी बंद केला तो पुन्हा लावला नाही. अंगाची आग झाली की ओला टॉवेल मानेवर घेऊन बसत. सेतुरावांनी विनवलं, रागावले, थट्टा करून पाहिली. "अय्यो, लाव की गं, मीच शिजतोय!" त्या म्हणत, "नको. माझ्या जिवाचे लाड पोदुम." म्हणजे पुरे झाले. मग तेही त्यांच्याशेजारी घाम पुसत बसू लागले, दोन स्टेंटचं हृदय घेऊन. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "कुलकर्णी, मी तिला बोललो ते फार झालं का हो?" हीच वेळ होती. मी म्हणालो, "सोडा हो, जुनं झालं." आणि वर निघून गेलो.

हृदयच बंद पडलं, उन्हाचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याचा आधार घेता येत नाही.

गेल्या रविवारी मी अक्कांना सगळं सांगितलं. त्या न रडता ऐकत होत्या.

"मोठा हीटर असता तर मासे जगले असते?"

"हो."

"वीसवर एसी ठेवूनही?"

"हो, अक्का."

अक्का म्हणाल्या, "मग हे माझ्याबरोबर तीन उन्हाळे भाजत कशासाठी बसले?" आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होत्या. मी उठून रिमोट शोधला, त्यात नवे सेल घातले, एसी लावला, वीसवर. घरघर करत तो सुरू झाला. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. नुसता वारा येत होता, धुळीच्या वासाचा. तीन वर्षांत आतला गॅस उडून गेला असावा. हॉल गार झालाच नाही.

"बंद करा," अक्का म्हणाल्या.