गॅलरीतलं माहेरपण

एखादी गोष्ट आपल्याला येत नाही म्हणून ती करायची नाही, हे आमच्या मामांना उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम कर्वेनगर. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी जर्मनीला गेला, तेव्हा त्याच्याशी समोरासमोर बोलता यावं म्हणून मामांनी बुधवार पेठेतून सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. त्यातून मुलाचा आवाज यायचा, चेहरा कधीच उमटला नाही. मी दुरुस्तीवाल्याचं नाव काढलं, तर म्हणाले, "चेहरा पाठ आहे आमचा. आवाज आला, पुष्कळ झालं."

या मुलानं तिकडच्याच जर्मन मुलीशी लग्न केलं आणि सून पहिल्यांदा पुण्याला आली. तिची आई नुकतीच वारली होती. पोरगी सगळ्यांशी हसून बोलायची, पण पुरणपोळी असो की आमटीभात, दोन घासांत तिचं जेवण संपायचं. मामांनी मुलाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तिची आई सणाला डुकराचं मांस, सफरचंदं आणि सुके आलुबुखार ओव्हनमध्ये घालून मंद आचेवर तासन्‌तास भाजायची. ज्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं, त्या घरात मामांनी जाहीर केलं, "तिला आई नाही. मग माहेरपण कोणी करायचं? आपणच. रविवारी हे होणार!"

मामींनी कानांवर हात ठेवले आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मामांनी नानकटाईचा गोल ओव्हन गॅलरीत मांडला. मंडईत एका फळवाल्याला विचारलं, "ही सफरचंदं चार तास भाजली तर टिकतील का?" तो म्हणाला, "काका, खायचीत की टिकवायचीत?" मांसाहारी जावई म्हणून कॅम्पातल्या दुकानात मला पुढे घातलं आणि स्वतः दुकानाकडे पाठ करून फुटपाथवरून ओरडत राहिले, "चरबी काढू देऊ नका! मुलानं बजावलंय!"

रविवारी वास जिन्यापर्यंत गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "कसला वास येतोय हो?"

"माहेरचा," मामा म्हणाले. "नियमात बसत नसेल तर नोटीस लावा."

मी चमचाभर चाखून बघतो म्हटलं, तर माझा हातच धरला. "नैवेद्य आधी चाखतात का, जावईबापू? तिच्याआधी कोणी नाही." त्याला नैवेद्य म्हटलेलं ऐकून मामी दाराआडून "शिव शिव" म्हणाल्या. ताट मात्र त्यांनीच दाराच्या फटीतून बाहेर दिलं. डाव्या बाजूला मीठ-लिंबू वाढल्याशिवाय त्यांच्या घरात ताट पुढे सरकत नसे.

पहिल्या घासालाच सून थांबली. नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या मामांना लगेच कळलं. मीठ घालायचंच राहिलं होतं! या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. सुनेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताटातलं मीठ चिमटीनं घेऊन मांसावर भुरभुरलं आणि खाऊ लागली. खाता खाता तिचे डोळे वाहत होते. ते न पुसताच तिनं ताट पुढे केलं. "बाबा, आणखी."

आतून मामींनी दार उघडलं.

मामा गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. ओव्हन माळ्यावर आहे आणि मामी तो कोणाला देत नाहीत. सून तिकडे अजून सणाला तो पदार्थ करते. मुलगा सांगत होता, भाजताना ती त्यात मीठ घालत नाही. ताटात डाव्या बाजूला वाढते.