नवाब बोक्याचं खानदान

दोष मामाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं वडीलधाऱ्यांचा दोष कुणी काढत नाही, आणि मग तो उन्हाचा, नजरेचा नाहीतर सुनेचा निघतो.

मी अकोल्यात पशुवैद्यकीचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि अमरावतीत मामाच्या घरी राहून कुत्र्या-मांजरांच्या एका दवाखान्यात कामाला लागलो. पिंजरे धुवायचे, मांजरं धरायची, फॉर्म भरून घ्यायचे. अशा जागी किस्से मांजरीच्या केसांसारखे जमतात. रोज झाडले तरी पँटला चिकटून घरी येतात.

माझ्या पँटला बहुतेक नवाबचे केस असायचे. नवाब म्हणजे मामाचा पर्शियन बोका. पांढरा, चपट्या नाकाचा, चेहऱ्यावर कायम अपमान झाल्याचा भाव. मामा रिटायर्ड हेडमास्तर. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्याच्या घरची पर्शियन मांजर माजावर येई, तो तिला टोपलीत घालून मामाकडं आणी. मामा पैसे घेत नसे. रिवाज एकच, "पहिलं पिल्लू बोक्याच्या घरचं." पिल्लं झाली की त्यातली सगळ्यात देखणी मादी मामा उचलायचा. ती मोठी झाली की तिच्यासाठी बोका शोधत बाहेर जावं लागत नसे.

*

मामाच्या पोरीचं मूर्तिजापूरच्या एका पोराशी जमत आलं होतं. पोरगा चांगला, नोकरी पक्की, दोघांची पसंती. चहा पिता पिता कुणीतरी देवक विचारलं आणि ते एकच निघालं. मामानं कपबशी खाली ठेवली. "एका देवकात सोयरीक होत नाही. भाऊ-बहीन लागतात थे."

घरी आल्यावर त्यानं चपला काढल्या आणि राणी नावाच्या मांजरीला नवाबच्या खोलीत सोडलं.

मी म्हटलं, "मामा, राणी नवाबची पोरगी आहे."

"मंग?"

"तिची मायही नवाबचीच पोरगी."

"मंग तं रक्त डबल शुद्ध झालं," मामा म्हणाला.

आतल्या खोलीत मामेबहीण रडत होती. तिचं रक्तही शुद्ध राहिलं होतं.

*

मांजरांचा एक कोरोना विषाणू असतो. माणसांचा नव्हे, त्यांचा वेगळा. बहुतेक मांजरींना चार दिवस पातळ होतं आणि विषय संपतो. पण काही पिल्लांत तोच विषाणू रूप बदलतो, अंगभर पसरतो आणि पोटात पाणी होतं. कोणत्या पिल्लात होईल ते आधी सांगता येत नाही. वय आहे, घरातली गर्दी आहे, नशीब आहे. पण आई-बापाकडून आलेलं रक्तही आहे. एकाच बोक्याची पिल्लं पुन्हा पुन्हा असं मरत असतील तर बोका थांबवायचा. एवढं कळायला डिग्री लागत नाही. मला कळलं, म्हणजे लागत नाहीच.

अकोल्याच्या नसीम आपा शिवणकाम करतात. त्यांची मांजर नूरी. नूरीला नवाबपासून झालेलं एक पिल्लू, चाँद, पाचव्या महिन्यात पोटानं फुगलं. गल्लीतल्या बायांनी ठरवलं, गाभण आहे. आपांनी मशीनजवळ गादी घातली, रोज मटणाचं सूप पाजलं, शेवटी रेल्वेनं आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी शेपटी उचलली.

"आपा, हा बोका आहे."

आपा हसल्या. बाकावरची माणसंही हसली. मग डॉक्टरांनी पोटात सुई घातली आणि पिवळं, चिकट पाणी आलं. औषध आता निघालंय, पण ते वेळेवर सुरू करावं लागतं आणि महिनोन्महिने द्यावं लागतं. चाँदनं आठ दिवस काढले.

मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "ऊन लागलं असन त्याले. अकोल्याचं ऊनच तसं हाय."

तेव्हा जानेवारी चालू होता.

*

मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर नवाबच्या सोयऱ्यांचा ग्रुप काढला होता. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी पिल्लांचे फोटो. या लांब केसांच्या मांजरींना नायटा लवकर धरतो आणि लवकर सोडत नाही, त्यातही काही खानदानांत तो पाहुण्यासारखा मुक्कामीच असतो. मामा म्हणायचा, "केस विंचरा, पुरे झालं."

एकदा मामाच्या मानेवर गोल चट्टा उठला. मी त्याला त्वचेच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. बाकावर आधीच चार जण खाजवत बसले होते. मामा प्रत्येकाला नावानं ओळखत होता.

ग्रुपची पहिली प्रत्यक्ष बैठक तिथं झाली.

*

मग मी एका मोठ्या कागदावर वंशावळ काढली. कुणाची आई कोण, बाप कोण, कोणतं पिल्लू कशानं गेलं. गेलेल्यांभोवती लाल गोल. सगळ्या रेघा वर जाऊन नवाबला मिळत होत्या. नसीम आपांच्या नूरीखालीच दोन गोल होते, एकेका बाळंतपणातला एकेक.

आमचे डॉक्टर हुशार माणूस. कागद पाहून म्हणाले, "बरोबर दिसतंय."

"मग मामाला तुम्ही सांगा."

"अरे, मास्तर मला शाळेत शिकवायला होते." डॉक्टरांचे केस पिकलेत. अजून मास्तरांची भीती गेलेली नाही.

शेवटी मीच सांगितलं. मामानं चष्मा न लावताच कागद पाहिला. "जेनेटिक्समध्ये नापास झालेला मानूस मले खानदान शिकवते." हे खरं होतं. मी त्याच पेपरात नापास होऊन कॉलेज सोडलं.

पण कागद त्याला आवडला. त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या नवाबचा परिवार!' सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी विचारलं, लाल गोल कोणते? मामानं उत्तर दिलं, 'स्पेशल पिल्लं.'

त्या आठवड्यात तिघांनी नवाबसाठी नंबर लावला. त्यात नसीम आपाही होत्या.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, आपा, नूरीला आणू नका, पुन्हा तेच होईल. पलीकडं शिलाई मशीन थांबलं.

"मास्टर साब तो बोले कुछ नहीं होता. और बोले, तू फेल हुआ था. सच है क्या बेटा?"

"सच है, आपा."

"फिर?"

नूरी रविवारी येणार होती.

*

शुक्रवारी मामा नवाबला दवाखान्यात घेऊन आला. पोटाखाली केसांच्या घट्ट गाठी झाल्या होत्या. त्या कापायला भूल द्यावी लागते, आणि भूल द्यायला मालकाची सही. मी फॉर्म भरला. पहिली ओळ, गाठी काढणे. दुसरी ओळ, नसबंदी. दोन्ही मोठ्या अक्षरात.

"मामा, वाचून सही करा."

"तू मले वाचाले सांगतं? जिंदगीभर म्या पोरायले वाचाले शिकवलं."

"दुसरी ओळ वाचा, मामा."

"हेडमास्तर असताना रोज ढीगभर कागद यायचे. एकही वाचला नाही. काही अडलं काय?"

त्यानं सही केली, खाली मुख्याध्यापक असं लिहिलं, कंसात सेवानिवृत्त लिहिलं, तारीख घातली आणि चहा प्यायला गेला.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. "मास्तर तयार झाले?"

"सही आहे."

डॉक्टरांनी सही पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी हातमोजे घातले.

संध्याकाळी मामानं बोक्याला उचललं, उलटं केलं आणि विचारलं, "हे काय होय?"

डॉक्टर भिंतीकडं बघून म्हणाले, "जुनं बी अजून महिनाभर टिकतं, तोवर कोणत्याही मादीजवळ सोडू नका, मास्तर."

मी फॉर्म पुढं केला. मामानं खिशातून चष्मा काढला आणि तो कागद पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत वाचला. दोनदा वाचला. मग खाली बसला.

रविवारी नूरी आली तशी परत गेली.

डॉक्टरांनी मला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मामानं माझी बॅग फाटकाबाहेर ठेवली. माझी आई मामाची एकुलती बहीण. या भाऊबीजेला तिनं कुणालाच ओवाळलं नाही.