मला देवी व्हायचं नव्हतं

औंढ्याच्या नागनाथावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या वर्षी मी त्याच्याशी रोज भांडत होते. मला फेफरं येतं. माहेरी वसमतच्या दवाखान्यातलं कडू औषध चालू होतं, तेव्हा ते क्वचित यायचं. हट्ट्याजवळच्या माझ्या सासरी मात्र त्याला देवीचं वारं ठरवलं गेलं. मी शुद्धीवर यायचे तेव्हा कपाळ कुंकवानं माखलेलं असायचं आणि बाया पाया पडत असायच्या. पुन्हा दिवस राहिले तसं सासूबाईंनी माहेरून आणलेलं औषधही बंद केलं. देवीला कडू चालत नाही आणि पोटातलं लेकरू करपेल, असं त्या म्हणाल्या. वर मंगळवारचे कडक उपास. झटके वाढतच गेले. माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. हेही जाणार, या धास्तीनं मी वाळत चालले. देवा, तू झोपलास का, असं मी त्याला तोंडावर विचारी.

सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायला औंढ्याकडची एक मुसलमान मन्यारीण आली. नेहमीची आजारी, म्हणून ही अनोळखी. निम्मा चुडा भरला आणि मला झटका आला. अशा वेळी घरातल्या बाया माझे हात दाबून धरत. गर्भारणीची बांगडी वाढली तर अपशकुन. त्या बाईनं सगळ्यांना दूर लोटलं, मला कुशीवर वळवलं आणि मनगटात काच घुसू नये म्हणून बांगड्या स्वतःच वाढवल्या. हे मला जावेनं नंतर सांगितलं. मी डोळे उघडले तेव्हा ती सासूबाईंना विचारत होती, "पोरीची दवा काहून बंद केली? माझ्या बहिणीला बी असंच उपाशी ठेवलं होतं. लेकरू गेलं, ती बी गेली."

त्या दिवशी मंगळवारच होता. कुठून बळ आलं कोण जाणे. मी उठून बसले नि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी देवी न्हाई. मला भाकर द्या. देवी कोपली तर माझ्यावर कोपंल." कुणी हललं नाही, तेव्हा मी स्वतः चुलीपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं वसमतच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं. खाडा नको, उपास नको, झोप मोडू नको, एवढंच बजावलं. बाळंतपणात एकदा झटका आलाच, पण मुलगी जिवंत जन्मली.

ती मन्यारीण पुन्हा दिसली नाही. तिला कुणी धाडलं यावर मी वाद घालत नाही. मी रोज नागनाथाला हात जोडते. शरण जाणं म्हणजे निमूट पडून राहणं, असं मला वाटे. आता वाटतं, त्याला एकदा शरण गेलं की दुसऱ्या कुणापुढं वाकावं लागत नाही. फेफरं अजून येतं. परवा कळलं, खालच्या आळीतल्या गर्भार सुनेलाही झटके येतात आणि तिला उपास धरायला लावलाय. मी तडक तिच्या सासूच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गाडी जुंपा," म्हटलं. "मी बी संगं येते."