कवडीची पाठ

यजमान गेले तेव्हा त्यांचा शेवटचा लेख छापायचा राहिला होता. मध्ययुगात समुद्रकाठच्या कवड्या तांड्यांच्या बैलांवरून वऱ्हाडात आल्या आणि बंजारा भरतकामात मिसळल्या, असा तो विषय. लेखात चूक राहू नये म्हणून दिग्रसजवळच्या तांड्यावर भरतकाम करणाऱ्या एका आजींना मी तो वाचून दाखवला. ‘कवड्या कापडावर चिकटवतात’ हे ऐकून त्या हसल्या.

“चिकटवली तं नाचताना पडन ना, बाई! कोणं लिवलं हे?”

“माझ्या यजमानांनी. ते आता नाहीत.”

आजींनी एक कवडी उचलली. मग कवडीची पाठ दगडावर घासून त्यांनी भोक पाडलं आणि सुई माझ्या हातात दिली. “शिवा.”

घरी येऊन मी ‘चिकटवतात’ खोडून ‘शिवतात’ लिहिलं. यजमानांच्या लेखात माझा एवढाच शब्द आहे, तोही आजींनी दिलेला.