ओसाकातला एक घोट

काकीचे नाक मालवणच्या बाजारात प्रसिद्ध होते. माशांच्या टोपलीवरचे फडके उचलायच्या आधीच ती सांगायची, "हो कालचो. बर्फातलो." ती चुकलेली मी एकदाही पाहिली नाही. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. काका लवकर गेले. तिने तीस वर्षे मासे विकले आणि एकुलत्या एका मुलाला, दिगूला, जहाजावर नोकरीला लावले.

त्याच जहाजावर दिगूचे आंत्रपुच्छ फुटले. जहाजाने त्याला जपानात ओसाका शहरी उतरवले, तिथे शस्त्रक्रिया झाली, पण पोटात विष पसरले होते. कंपनीने आईला आणि सोबत एकाला बोलावले. काकीचा पासपोर्ट दिगूने आधीच काढून ठेवला होता; तिच्याखेरीज घरात पासपोर्ट असलेला मी एकटाच होतो.

निघायच्या आदल्या सकाळी काकी गावच्या देवळात गेली. दिगू बरा होईल का, म्हणून गुरवाने देवाला तांदळाचा कौल लावला. उजवीकडचे दाणे पडले, म्हणजे देव हो म्हणाला. काकीने पायरीवर हात ठेवून मुलासाठी नवस केला, "माझो झिल आपल्या पायांनी ही पायरी चढासर जित्या जिवाचा कायएक खावचंय नाय."

"दूधसुद्धा नाही?" मी विचारले.

"दूध काय माडार लागता?"

मी देवळात जातो, पण विश्वास आकड्यांवर ठेवतो. तरी विमानात माझ्या मनात एकच हिशोब चालू होता: सोबतचे कुळथाचे पीठ आणि भाजके पोहे पाच दिवस पुरतील, सहाव्या दिवसापासून काय?

सहावा दिवस उजाडला तेव्हा दिगूचा ताप एकशे एकच्या खाली आला नव्हता. काकी इस्पितळाच्या काचेबाहेर उभी राहायची आणि मी दुकाने धुंडाळायचो. पाकिटावर फोन धरला की तो मराठीत काहीबाही सांगायचा. बिस्किटांत दूध, पावात अंडे, भाताच्या गोळ्यातल्या आंबट फळाला माशाचा भुगा, वाटाण्यांनासुद्धा माशाचा अर्क. पहिल्या दिवशी एकवीस पाकिटे बघितली, त्यातली तीन चालली. केळी, भाजलेली रताळी आणि कोरा भात यांवर काकीने दोन दिवस काढले. रस्त्याने चालताना ती पदर नाकाला लावायची. "ह्या गावात वाऱ्याकय सुक्या माशाचो वास येता रे." तिचे नाक तिथे तिचे वैरी झाले होते.

आठव्या दिवशी जिना उतरताना तिला घेरी आली. मी घाबरलो. मुलगा आत आणि आई बाहेर, अशी दोघेही माझ्या हातून जातील असे वाटले. समोरच एक छोटी खाणावळ होती. उकळत्या साराकडे बोट दाखवून फोनवर मराठीत विचारले, "यात मासा आहे का?" म्हाताऱ्या मालकाने भांड्यात डाव फिरवून दाखवला. नुसता मुळा, गाजर आणि सोयाबीनचे पनीर. हात हलवून तो नाही म्हणाला. अंडे, दूध विचारले, तेही नाही.

"काकी, मासो नाय. विचारलंय मी," मी म्हणालो.

तिने वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितले. "गरम आसा," म्हणाली, आणि कोरा भात तेवढा खाल्ला.

पैसे द्यायला मी आत गेलो तेव्हा मालक दुसरे भांडे गाळत होता. चाळणीत तांबूस पापुद्रे होते, सावंतवाडीच्या लाकडी खेळणीवाल्याच्या रंध्याखाली पडतात तसे. मी फोन धरला. सुकवलेला मासा.

तो माणूस खोटे बोलला नव्हता. त्याच्या भांड्यात मासा नव्हता, माशाचे पाणी होते. आमच्याकडे नाही का, उपासवाल्या पाहुण्याला सांगतात, तुकडा काढलाय, नुसती कढी घे! मालवणच्या माणसाला हे सुचायला हवे होते. मला सुचले नाही.

घोट घेतला तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. चार वाजता दिगूचा ताप एकशे तीनवर गेला. डॉक्टर पळत आले, आम्हाला बाहेर काढले. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितले त्याची मोजदाद नाही. काकी बाकावर डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. मी तिला काही सांगितले नाही. पुढचे दोन दिवस माझ्याही घशाखाली केळ्याशिवाय काही उतरले नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. महिन्याभराने दिगू देवळाच्या चौदा पायऱ्या आपल्या पायांनी चढला. मी मागून मोजत होतो.

त्या दुपारी माझ्या बायकोने काकीसाठी बांगड्याचे तिखले केले. काकीने ताट सरकवले. "सवय गेली गो." त्यानंतर सहा वर्षे ती मासे विकत राहिली आणि एकदाही खाल्ले नाहीत. शेजारची विकणारी चिडवायची, "गो, इकतंस नि खाणस नाय? गिऱ्हाईक काय म्हणतला?" काकी म्हणायची, "मी खाणंय नाय म्हणान टोपलीत चार जास्त उरतत. तुका पोटात कित्याक दुखता?"

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मला राहवले नाही. मी त्या घोटाचे सगळे सांगून टाकले.

ती हसली. "माका शिकवतंस? तोंडाकडे नेलंय तेवाच वास इलो. धुरार धरलेलो मासो."

"मग घोट घेतलास कशाला?"

"सगळ्या गावाकच तो वास, वाटयेतलो तां कळासर घोट गेलो होतो. थुकतलंय होतंय, पण तुजा तोंड बघलंय. सांगलंय असता तर तू थंयच आडवो झालो असतस. एक झिल खाटेर, नि दुसरो रस्त्यार?" ती दम घ्यायला थांबली. "बाकड्यार बसान देवाक सांगलंय, चूक माजी, पोराची नाय. हयातभर मासो नको माका."

माझ्यामुळे तिचा नवस मोडला, या ज्या भीतीने मी सहा वर्षे तिच्या ताटाकडे बघत नव्हतो, तिचा भार तिने त्याच दुपारी स्वतःवर घेतला होता.

ती गेली. बाराव्या दिवशी कावळ्यासाठी पान वाढताना दिगूने विचारले, "दादा, आयेक मासो वाढूचो काय? ती खाय नव्हती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पुन्हा तेच, माझ्या शब्दावर तिच्या पानात काय पडणार ते ठरणार होते. पण तिचे शब्द मला नेमके आठवत होते. हयातभर, असे ती म्हणाली होती. मुदत संपली होती.

"वाढ," मी म्हणालो. "सकाळचो बघून आण. कालचो नको."

पान अंगणाच्या कडेला ठेवले. कावळा यायला किती वेळ लागला, ते मी मोजले नाही. आला तो भाताकडे वळलाच नाही, सरळ बांगडा उचलून माडावर गेला.